कोऱ्या पानाखालच्या सह्या

२७ जानेवारी. परदेशातून मदत देणारे पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार होते, म्हणून मी ग्रामपंचायतीत बसून ग्रामसभेच्या वहीचे फोटो मोबाइलवर काढत होते. गावच्या कारभारात बायकांचा सहभाग वाढावा यासाठी आमच्या संस्थेला ही मदत मिळते. त्या कामासाठी मी सोलापूरहून एसटीने या गावात तीन वर्षं येत होते.

बायका सभेला येत नसत. आदल्या दिवशीचीही सभा झेंडावंदनानंतर दहा मिनिटांत उरकली. मग नेहमीप्रमाणे मीच वही घेऊन घरोघर फिरले आणि त्यांच्या सह्या आणल्या. पान वरून कोरं असे. मजकूर ग्रामसेवक मागाहून लिहीत. यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता मजकूर लिहिलेला होता. गायरानातले मेंढवाडे हटवून जागा सौर प्रकल्पाला द्यावी. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली तिसरी सही होती गायरानातच राहणाऱ्या धनगर बाईची. तिला सही मीच शिकवली होती. मी ते पान तीनदा वाचलं. फोटो काढायचा राहूनच गेला.

"हे कधी ठरलं?"

"काल," ग्रामसेवक चहा ओतत म्हणाले. "सह्या आहेत की, मॅडम. तुम्हीच तर आणल्यात. एवढ्या बायका बघून तुमचे पाहुणे खूश होतील."

चहा तसाच ठेवून मी गायरानात गेले. बाई कोकराला दूध पाजत होती. ठरावात काय आहे ते तिला सांगितलं. 

"मी न्हाय म्हणलं असतं की. पर तुमी इचारलं कुटं? नाव नीट काढा म्हणलात, काढलं."

तिने कोकरू खाली सोडलं.

"नीट आलंय का पर?"

"आलंय."

"मग ऱ्हायलं काय," ती म्हणाली. "एवढी मेंढरं घिऊन आमी जायाचं कुटं, ते बी लिवलंय का बाई त्यात?"

ते लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज लिहिला: या सह्या मी घरोघर जाऊन कोऱ्या पानावर घेतल्या, ठराव कोणालाही वाचून दाखवलेला नव्हता. ग्रामसेवकांनी तो घेतला नाही. तेव्हा पंचायत समितीत जाऊन दिला, शिक्का मारून पोच घेतली आणि तिची झेरॉक्स पाहुण्यांच्या फाइलीत सगळ्यात वर लावली.