जाळी कुणी काढली?

लोक मला अजून म्हणतात, कोर्टात तू खरं बोललास. खड्ड्यात गेलं ते खरं.

मी आणि दादा, आम्ही कुडपणचे दोघे भाऊ महाडला एका शेठच्या भातगिरणीत कामाला होतो. डोंगरावरच्या नाचणीवर भागत नव्हतं, म्हणून खाली उतरलो. दादा इंजिनावर, मी पोती वाहायला. इंजिनाच्या मोठ्या चाकावरून चामड्याचा पट्टा फिरायचा. त्याच्यापुढे लोखंडी जाळी असायची, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून.

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, कोयते धुऊन पुजतात. दादाने गिरणीतही तोच रिवाज लावला. हळदकुंकू जाळीला वाहून काय उपयोग? पूजा चाकाची. म्हणून त्याने जाळी उतरवली, चाक लख्ख पुसलं, झेंडूची माळ घातली. शेठने स्वतः नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी दादा जाळी परत बसवायला गेला, तर शेठ म्हणाला, "राहू दे रे. तेल घालायला बरं पडतं. काढ-घाल करण्यात उगाच वेळ जातो." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जाळी भिंतीला टेकून राहिली. दिवाळी यायच्या आत पट्ट्याने दादाचा उजवा हात कोपरापासून नेला.

मुंबईहून कारखान्यांचा इन्स्पेक्टर आला आणि त्याने शेठवर खटला भरला. आपल्यासाठी कुणी शेठला कोर्टात उभं करतंय, म्हणून मला फार बरं वाटलं. पण शेठच्या वकिलाने कायद्यातलं एक कलम हुडकलं होतं. जाळी दुसऱ्याच कुणी, मालकाला न विचारता काढली असं दाखवता आलं, तर मालक सुटतो आणि शिक्षा त्या दुसऱ्याला होते. हे आम्हाला कोण सांगणार?

मी साक्षीला उभा राहिलो. वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "जाळी कुणी काढली?"

"दादानं."

"शेठनी काढायला सांगितली होती?"

"नाय. पण दुसऱ्या दिवशी..."

"विचारलं तेवढंच बोल."

मग सरकारी वकील उठला. म्हणाला, "अजून काही सांगायचंय तुला?" भला माणूस, दार उघडून उभा होता. आणि मी काय म्हणालो? "नाय साहेब." एका काळ्या कोटवाल्याने गप्प केलं, तर दुसऱ्याने विचारल्यावरही तोंड उघडायचं नाही, हे आमचं शहाणपण! शपथ घेऊन खोटं बोललो नाही, एवढ्याचंच मला समाधान. आज त्या समाधानाची शिसारी येते.

शेठ सुटला. दंड झाला दादाला.

"मला कसला दंड रे?" दादाने मला विचारलं. हात गमावलेला माणूस धाकट्या भावाला विचारत होता, आणि उत्तर फक्त माझ्याकडेच होतं. मी म्हटलं, चल बाहेर.

दंड शेठनेच भरून टाकला. कोर्टाबाहेर आमच्याच गावचे चौघे म्हणाले, "देवमाणूस हाय." दादा पुढे झाला, वाकला आणि उरलेल्या हाताने शेठचे पाय धरले. मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं, तू पण ये म्हणून.

मी गेलो आणि पाया पडलो.