पंपाच्या काठावरची खूण

गाडीखाली सकाळी पाणी दिसायला लागलं तेव्हा मला पहिला संशय शेजाऱ्याचा आला. तो रोज नळीने आपली मोटारसायकल धुतो आणि पाणी कुठे जातं ते बघत नाही. मी त्याला काही बोलले नाही. झोपण्याआधी घरातली जुनी परात गाडीखाली सरकवली. सकाळी परातीत गंजाच्या रंगाचं पाणी होतं आणि आजूबाजूची जमीन कोरडी होती. शेजारी सुटला. गाडीच गळत होती.

आमची गाडी जुनी आहे. मुंबईत पूर्वी ज्या जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावायच्या, त्याच जातीची, पण पांढरी. माझा म्हातारा चालवतो. मागची सीट काढून आम्ही माळ्यावर टाकली आहे, तिच्या जागी माझी पोती बसतात. मी सुकी मासळी विकते. करंजाच्या धक्क्यावरून बोंबील, जवळा, सोडे आणायचे आणि पनवेलच्या बाजारात बसायचं. सुक्या मासळीचं पोतं बघितलं की रिक्षावाला मान फिरवतो. बसचा कंडक्टर पायरीवरूनच हात हलवतो. टेम्पोवाले म्हणतात, दुसऱ्यांच्या मालाला वास लागतो. ही गाडी गेली की माझा धंदा गेला.

त्यातच गाडीच्या आरटीओ पासिंगची मुदत संपत आली होती. मंगळवारी न्यायची होती. मुलगा उलव्याला राहतो, विमानतळाकडच्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "आई, या वेळी पासिंग झालं नाही तर मी भंगारवाला पाठवतो. बस झालं आता. घरी बस."

"घरी बसून काय करू? तुझ्या बापाचं तोंड बघू?"

"आराम कर."

आराम कर म्हणणाऱ्या माणसाचा मला नेहमी संशय येतो. त्याला त्यातून काय मिळणार आहे, हे मी आधी शोधते.

शुक्रवारी सकाळी गाडी जुन्या पनवेलातल्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री पन्नाशीचा आहे, इथल्याच मोहल्ल्यातला, आधी बरीच वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून आलेला. म्हाताऱ्याने त्याच्या हातात चावी ठेवली आणि चहाला निघाला. आमच्या घरात विश्वास ठेवायचं काम त्याचं. म्हणून बाकीचं मला करावं लागतं. मी स्टूल ओढून बोनेटसमोर बसले.

"अगो, चल ना. तो करंल," म्हातारा म्हणाला.

"तू जा. मी हाय हितंच."

मिस्त्रीने इंजिनासमोरचा पंखा धरून हलवला. तो दात हलावा तसा हलत होता. "बघा मावशी. पंप गेला."

"हलतो पंखा, आनी गेला पंप?"

"पंखा पंपाच्याच दांड्यावर बसलाय. हा पंप पाणी इंजिनात फिरवतो. त्याची बेअरिंग खलास झाली, सील फाटलं. आज थेंब थेंब गळतंय, उद्या रस्त्यात सगळं पाणी टाकेल आणि इंजिन जळेल."

तो आत गेला आणि दुसरा पंप घेऊन आला. चंदेरी, चकचकीत. मी तो नाकाला लावला.

"पंपाचा काय वास घेता, मावशी?"

वास ताज्या रंगाचा होता. मी नख लावलं. चंदेरी पापुद्रा निघाला आणि खालून काळं, किडलेलं अंग दिसलं. असले बोंबील मी खूप बघितले आहेत. वरून हळद-मीठ चोपडलेलं, आत किडे.

"हा कुणाच्या गाडीतला मेलेला हाय?"

मिस्त्री जरा हसला. "नवा आता बनतच नाही. सगळे जुनेच रंगवून विकतात. मी कुठे लपवलं? तुम्ही विचारलं नाही."

हे उत्तर मी स्वतः गिऱ्हाइकाला देते. म्हणून ते मला अजिबात आवडलं नाही.

मग तो म्हणाला की आपलाच पंप काढू, लेथवाल्याकडून त्यात नवी बेअरिंग आणि नवं सील बसवून घेऊ. मी हो म्हटलं. त्याने रेडिएटर उतरवला, पट्टा काढला, बोल्ट सोडले आणि पंप बाहेर काढून रॉकेलमध्ये घासला. वर्षानुवर्षांची घाण निघाली. आतून पांढरा, जाड, दणकट पंप निघाला. मिस्त्रीने तो हातात फिरवून बघितला. "माशाल्ला. असली माल आहे, मावशी. असं ओतकाम आता बघायला मिळत नाही."

झालं. बाजारात ज्याला वस्तू घ्यायची असते तो तिला नावं ठेवतो. जो तोंडभर स्तुती करतो त्याच्या मनात दुसरं काही असतं. हा माणूस माझा अस्सल पंप ठेवून घेणार आणि तसला रंगवलेला मला लावणार, हे मला लख्ख दिसलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो फोन घेऊन बाहेर गेला, पण आवाज आत येत होता. "हां भाई. हां, उघडलीय. बघतो मी."

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"घरून."

घरच्या माणसाला कोणी भाई म्हणतं का? म्हणतही असतील.

दुपारी तो हात धुऊन नमाजला गेला. पंप वर्तमानपत्रावर ठेवून गेला. गॅरेजात मी एकटीच.

धक्क्यावर आम्हा बायकांच्या टोपल्या सारख्याच असतात. एकाच होडीतून, एकाच टेम्पोतून जातात, म्हणून प्रत्येकीची खूण असते. कोणी चिंधी बांधतं, पण चिंधी सोडता येते. माझी खूण म्हणजे टोपलीच्या काठावर तीन चिरा. टोपली भरली तरी काठ दिसतो, म्हणून खूण नेहमी काठावर करायची. माझ्या आईनेही काठावरच केली. सुरीला धार लावायची कानस माझ्या पिशवीत असतेच. मी पंप मांडीवर घेतला आणि त्याचा काठ शोधला. एका बाजूला छान सपाट, रुंद काठ होता. धातू मऊ होता. तीन चिरा सहज उतरल्या. पंप होता तसा कागदावर ठेवला आणि बाहेर जाऊन चहा प्यायले.

शनिवारी संध्याकाळी पंप लेथवाल्याकडून परत आला. मिस्त्रीने हात लावण्याआधी मी काठावरून बोट फिरवलं. तीन चिरा. माझाच होता. त्या वेळी मला त्या मिस्त्रीबद्दल बरं वाटलं, थोडं. त्याने काठाला पाणी अडवणारं कागदाचं गॅस्केट चिकटवलं, अंधार पडायच्या घाईत पंप बसवला, पाणी भरलं. इंजिन चालू झालं. म्हाताऱ्याने त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

रविवारी सकाळी परातीत पुन्हा पाणी.

मी परात तशीच, पाण्यासकट, मांडीवर घेऊन गाडीत बसले. म्हातारा हळू चालवत होता. "सांडंल ते," तो म्हणाला. मी म्हटलं, "सांडू दे. पन दाखवायचं हाय." गॅरेजात मी ती मिस्त्रीच्या पायाशी ठेवली. "ही तुझी कारागिरी."

त्याने परात बघितली, मग मला बघितलं. पंप पुन्हा उतरवला. गॅस्केटचा कागद सोलला. काठावर तीन तांबूस ओघळ होते, एकापाशी एक, आणि प्रत्येक ओघळ एकेका चिरेतून निघालेला. काठ सपाट असला तरच तो इंजिनाला घट्ट बसतो, हे मला तिथे उभं राहून समजलं. टोपलीच्या काठाला काही चिकटवायचं नसतं.

मिस्त्रीने अंगठा फिरवला. त्याचा चेहरा लाल झाला. "लेथवाल्याने पकडीत धरून चिरा पाडल्या. अंधा साला. थांबा, त्याला आता सोडत नाही." त्याने खिशातून फोन काढला. "आज रविवार, लेथ बंद. आणि तुमचं पासिंग परवा. आता याला घरून उठवून आणतो आणि..."

फोन लागला होता. पलीकडून हॅलो ऐकू आलं.

"ठेव फोन," मी म्हटलं. "माझी खूण हाय ती."

त्याने फोन कानावरून काढला. "कसली खूण?"

"वळखायची. तू माझा पंप बदलशील म्हनून."

म्हातारा म्हणाला, "अगो, काय केलंस तू?"

मिस्त्रीने फोन बंद केला. पंप कागदावर ठेवला. साबण घेऊन नळापाशी गेला आणि शांतपणे हात धुवायला लागला, कोपरापर्यंत. "मग मावशी, तुम्ही दुसरा मिस्त्री बघा. मी चोर आहे ना."

"चोर कुठं म्हनलं? बदलशील म्हनलं."

"फरक काय?"

"तू शुक्रवारी म्हनलास घरून फोन हाय. कुणाचा होता?"

तो हात पुसता पुसता थांबला. "तुमच्या पोराचा. म्हणाला, आईला सांगू नका. इंजिन कामातून गेलं, असं तिला सांगता येईल का, विचारत होता."

"आनी तू काय म्हनलास?"

"बघतो म्हटलं."

"बघतो म्हनलास. नाय म्हनलं नाय."

म्हातारा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आपल्या पोराबद्दल ऐकून त्याचं तोंड पडलं होतं. माझं पडलं नाही. मला आधीच वास आला होता.

मंगळवार मध्ये एक दिवस टाकून होता आणि गाडी पोट उघडून उभी होती. दुसरा मिस्त्री या गाडीला हात लावत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मी माफी मागितली नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, तुझी बायको माझ्याकडनं जवळा घेते. किती वर्सं झाली. वरचा कदी घेत नाय. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा काढते, वास घेते, दातानं चावून बघते. मी कदी बोलले, दुसरीकडं जा म्हनून?"

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "तळाचा काढते?"

"दर वेळेला."

"घरीही तशीच आहे," तो म्हणाला. मग आत गेला आणि खिडकीची एक जाड काच घेऊन आला. काच जमिनीवर ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला, तेल टाकलं. "लेथ बंद आहे. हाताने घासावं लागेल, सपाट होईपर्यंत. मी नाही घासणार. ज्याची खूण त्याने पुसायची."

मी पदर खोचला आणि बसले. काठ खाली करून पंप कागदावर गोल गोल फिरवायचा, जोर सगळीकडून सारखा द्यायचा. एका बाजूला जोर पडला की मिस्त्री वरून ओरडायचा, "मावशी, मसाला वाटताय का?" म्हाताऱ्याने मध्ये घासायला मागितलं, मी दिलं नाही. त्याने काठ वाकडा केला असता. दुपारपर्यंत माझे खांदे भरून आले. चिरा हळूहळू उथळ झाल्या, मग रेघा राहिल्या, मग त्याही गेल्या. मिस्त्रीने पोलादी पट्टी काठावर उभी धरून उजेडात बघितलं. पट्टीखालून उजेड आला नाही.

"आता ओळखणार कसा?" त्याने विचारलं.

"माझ्या डोळ्यांसमोरनं हलला नाय."

त्याने पिवळ्या रंगाची डबी आणि काडी माझ्यापुढे ठेवली आणि पंपाच्या पाठीवर बोट ठेवलं. "खूण करायची तर इथे करा. इथे पाणी नाही." मी तीन रेघा ओढल्या. तो रंग चंदेरी पंपावरच्या रंगासारखा कच्चा नाही ना, ते नखाने बघितलं. त्याने ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

सोमवारी परात कोरडी होती. आम्ही माळ्यावरची सीट खाली काढली, बसवली, आतून लिंबू चोळलं, उदबत्त्या लावल्या. मंगळवारी पासिंगला तपासणाऱ्या माणसाने दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. "या गाडीतून काय वाहता?"

म्हाताऱ्याने खरं सांगायला तोंड उघडलं. मी पुढे झाले. "काय नाय साहेब. आमी कोळी हाव. आमचाच वास हाय."

त्याने बोनेट उघडायला लावलं, इंजिन बराच वेळ चालू ठेवायला लावलं. तापमानाचा काटा मधोमध राहिला. गाडी पास झाली. म्हाताऱ्याने कागदाचा फोटो काढून मुलाला पाठवला. उत्तरादाखल मुलाचा नुसता अंगठा आला, बाकी काही नाही. तो फोन त्याने का केला, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. समोर येईल तेव्हा तोंड बघून विचारेन, फोनवर माणूस काहीही सांगतो.

त्या आठवड्यात मिस्त्रीची बायको जवळा घ्यायला आली. नवऱ्याने तिला सगळं सांगितलं असणार, कारण ती हसली आणि म्हणाली, "मावशी, गाडी बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी हाय. मग तिने बांगड्या वर सारल्या आणि पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला.