बेंबीतलं सोनं

तेओफिला ग्रुएसो आमच्या नदीवरच्या सुईण. शेवटची चोवीस वर्षं त्या नदीकाठच्या गावांच्या समितीच्या अध्यक्षही होत्या, पण त्यांच्या घराच्या पायऱ्या चढून आलेलं माणूस आधी समितीचं कधीच बोलायचं नाही. चांगले मिशा फुटलेले बाप्ये ओसरीवर बसून विचारायचे, "माझ्या बेंबीत काय भरलं होतं हो तुम्ही?"

आमच्याकडे मुलाची नाळ गळून पडली की ओल्या बेंबीत कशाची तरी चिमूटभर पूड भरतात. ज्याची पूड, त्याचा गुण. काय भरायचं ते आई सांगते, भरते सुईण. बाळामागून पडलेली वार घराजवळ पुरतात आणि वर एक झाड लावतात. ते झाड त्या मुलाचं.

"माझ्यात मुंगी भरली म्हणता," होडीवाला अनानियास कुएरो दर वेळी कुरकुरायचा. "मग मला दुपारी एवढी झोप का येते?"

"मुंगी मेलेली होती रे बाबा. जिवंत कुटतात का?"

मी काली शहरात कॉलेज करून परत आले आणि गावच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा काळ्या लोकांच्या नदीकाठच्या जमिनी त्यांच्या नावे करायचा कायदा नुकताच झाला होता. शाळेतच बैठक भरली. अर्जात एक रकाना होता: तुम्ही कोण? जो उठे तो म्हणे, सावळा लिहा. मीही माझ्या अर्जावर सावळी असंच लिहिलं होतं.

तेओफिला मागच्या बाकावरून उठल्या. "सावळं म्हणजे काय रे? तुम्हाला काय दुधात बुचकळून काढलंय? जमीन काळ्यांच्या नावाने मिळणार आहे. सावळ्यांना काय, सावली मिळेल."

लोक हसले. पण हसून रकाना भरत नाही. मग त्यांनी एक पद्धत पाडली, ती शेवटपर्यंत चालली. बैठकीत कामाचं बोलण्याआधी एकाने उठून आपली एक गोष्ट सांगायची, स्वतःवर गुदरलेली. "आधी आपलं सांगा, मग गावाचं," त्या म्हणायच्या. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्लासिदा, तू एवढी शिकून आलीस. तू सांग."

मी सांगितलं. कालीत फोनवर मी एक खोली ठरवली होती. सामान घेऊन दारात गेले, तर घरमालकिणीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, खोली सकाळीच गेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी पुन्हा फोन केला, तर खोली रिकामी होती. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तेओफिलांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच म्हणाल्या, "आता खोड ते. काळी लिही."

मी लिहिलं. माझ्यानंतर बाकीच्यांनी लिहिलं.

पुढे सरकारी मोजणीदार आला. इथे किती पिढ्या राहता, कागद दाखवा, म्हणाला. "कागद नाही. झाडं आहेत," तेओफिला म्हणाल्या, आणि चार दिवस त्याला काठाकाठाने वर घेऊन गेल्या. हा नारळ अनानियासचा. तो नीरफणस त्याच्या बापाचा. या आंब्याखाली माझ्या आजीची वार आहे. त्या सांगत होत्या आणि मी शाळेच्या जाड वहीत उतरवत होते: नाव, झाड, बेंबीत काय भरलं. मोजणीदार आधी हसला, तिसऱ्या दिवशी तोही लिहायला लागला. जमीन आमची झाली. ती वही पुढे स्वतःच्या हाताने लिहिता यावी म्हणून तेओफिला पन्नाशीत माझ्या शाळेत आल्या. पहिलीच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नसत. पाय बाहेर काढून, आडव्या बसून त्यांनी माझ्याकडून अक्षरं गिरवली.

त्याच वर्षी माझी देयानिरा झाली, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झालो. सुईण आणि आई यांचं आमच्याकडे हेच नातं असतं, सख्ख्या बहिणींहून घट्ट. नाळ गळली त्या सकाळी मी उजव्या कानातलं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. माझ्या आईकडून आलेल्या जोडीतलं ते.

"हे घासा आणि सोनं भरा, कोमाद्रे. हिला या चिखलात राहायचं नाही."

"सोनं नदीत थांबत नाही. पाण्याबरोबर खाली निघून जातं."

"म्हणूनच म्हणते."

त्यांनी कानातलं पदरच्या फडक्यात बांधलं. तेव्हापासून मी एकाच कानात घालते. शाळेतली मुलं मला एककानी बाई म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नसे. देया रडली, पडली, परीक्षेला घाबरली, की मी म्हणायची, तुझ्या बेंबीत सोनं आहे. ती कालीला कायदा शिकायला गेली तेव्हा मी सुटले असं मला वाटलं. सुट्टीत आली की मात्र ती पिशवी घरात टाकून थेट तेओफिलांच्या ओसरीवर जायची.

मग नदीच्या वरच्या अंगाला पोकलेन आले. सोन्यासाठी त्यांनी काठ खणून काढला. पाणी पीठ कालवल्यासारखं झालं, मासे संपले. नारळाच्या दुधात शिजवायला आता शहरातून डब्यातला मासा येतो. खाणवाले म्हणत, तिथे कोणी राहतच नव्हतं. तेओफिलांनी अर्ज केले, बैठका घेतल्या. एका सकाळी त्यांच्या दाराखालून पत्रक आलं. त्यात त्यांचं नाव होतं आणि नदी सोडून जायला मोजके दिवस दिले होते.

"कालीला चला, कोमाद्रे. देयाच्या खोलीवर राहा. थोडे दिवस."

"तीन पोरींचे दिवस भरत आलेत. त्यांना काय सांगू, कळ दाबून धरा?"

मंगळवारी सकाळी वरच्या गावाहून बाळंतपणाचं बोलावणं आलं. त्या पिशवी घेऊन होडीत बसल्या. वरच्या गावात त्या आठवड्यात कुणालाच कळा आल्या नव्हत्या, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. चौथ्या दिवशी अनानियासला त्या खारफुटीत सापडल्या. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. पोलक्याची शिवण बघून मी सांगितलं, त्याच. आपलं सगळं उसवलेलं त्या नाळ बांधायच्या दोऱ्यानेच शिवायच्या.

देया कालीहून आली. नऊ दिवस बायका मृत्यूची गाणी म्हणत होत्या, पण बसलेल्या प्रत्येकाची नजर माझ्या मुलीवर होती. दहाव्या दिवशी नवा अध्यक्ष निवडायला समितीची बैठक होती. गुरुवारच्या बोटीत तिची जागा मी आधीच सांगून ठेवली होती.

"बैठकीपुरती थांबते, आई."

"बैठक झाली की बोट. मला शब्द दे."

ती उठून गाणाऱ्या बायकांत जाऊन बसली.

बैठकीच्या सकाळी बायकांनी तेओफिलांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. खाणवाल्यांना उत्तर द्यायला वही लागणार होती, आणि तेओफिलांचं अक्षर मलाच नीट लागायचं. वहीवर एक फडकं होतं. सोडलं, तर आत माझं कानातलं. कुठे घासल्याची खूण नाही.

मी देयाचं पान काढलं. मीच शिकवलेल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "देयानिरा. आईने सोनं दिलं. भरलं नाही. ग्वायाकान भरलं. कानातलं परत द्यायचं आहे. कोमाद्रे रागावणार नाही अशा दिवशी."

ग्वायाकान म्हणजे आमच्या घरांच्या खांबांचं लाकूड. पाण्यात पन्नास वर्षं उभं राहतं आणि कुजत नाही. ते ज्याच्या बेंबीत, तो जागचा हलत नाही म्हणतात. आणि असा दिवस त्यांना तेवीस वर्षांत मिळाला नव्हता.

मी पान फाडायला हात घातला. वाटलं, हे नसेल तर ती जाईल. पान उलटं झालं, तर मागे अनानियासची जुळी मुलं होती, वरच्या अंगाची जागा आणि दोन नीरफणस. पोकलेन उभे आहेत ती जागा. तिथे माणसं जन्मली होती याचा एवढाच पुरावा, आणि तो माझ्या मुलीच्या पाठीवर लिहिलेला.

मी वही तशीच देयाला नेऊन दिली. तिने पायरीवर बसून पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"त्यांनी मला फसवलं," मी म्हणाले.

"हो. फसवलंच."

"तुला त्या बोलल्या होत्या?"

"नाही." मग वही मिटून म्हणाली, "पण आई, लाकूड भरलंय म्हणून मी राहत नाहीये. सोनं भरलं असतं तरी राहिले असते."

"मग माझं काय?"

तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं.

बैठकीत आधी आपली गोष्ट सांगायची होती. देया उठली आणि तिने कानातल्याची गोष्ट सांगितली, माझं नाव घेऊन.

"म्हणजे बाई," अनानियास मागून म्हणाला, "तेवीस वर्षं तुम्ही एक कान फुकटच मोकळा ठेवलात."

दहा दिवसांत पहिल्यांदा लोक हसले. मीही हसले. नंतर देयाला अध्यक्ष करायला हात वर झाले. मी मोजले नाहीत, माझा खाली होता एवढं आठवतं. गुरुवारची बोट तिच्यावाचून गेली.

शुक्रवारी सकाळी ती वही घेऊन वरच्या गावांना निघाली, झाडांखाली उभं राहून लोकांच्या सह्या घ्यायला. अनानियासने होडी आणली. मी धक्क्यावर गेले आणि ते कानातलं तिच्या उजव्या कानात घातलं.

"बेंबीत नाही तर कानात तरी असू दे."

"एकच? तुझ्या कानातलं दुसरं दे ना, जोडी होईल."

"दुसरं माझ्याकडे राहू दे. काढायचं नाही हे. आंघोळीलाही नाही, झोपतानाही नाही."

"बरं, एककानी बाई," ती म्हणाली आणि होडीत बसली.

का काढायचं नाही, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेओफिलांना आम्ही दोऱ्यावरून ओळखलं होतं. देया घरी शिवलेलं काहीच घालत नाही, सगळे कपडे कालीतून विकत घेते.