एक्स उभा, के आडवा

प्रोग्राममध्ये लूप दिसला की लॅबभाऊ स्क्रीनवर बोट ठेवून विचारत, "हे काऊन?" भद्रावतीच्या आमच्या कॉलेजात ते कंत्राटी प्रयोगशाळा सहायक होते. कागदोपत्री त्यांचं काम मशीन पुसणं आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं. पायथॉन मात्र आम्ही सातही जण त्यांच्याकडूनच शिकलो, कारण शिकवणाऱ्याची जागा रिकामी होती आणि ती भरायची कोणालाच घाई नव्हती. एकदा मी त्यांना सर म्हटलं. "सर म्हणू नको. सरची खुर्ची खाली हाय," ते म्हणाले.

साइन के-एक्सचे सहा आलेख एकाच चौकटीत काढणं हे ठरलेलं प्रॅक्टिकल. पुस्तकात त्यासाठी लूप होता: के एक घ्या, काढा, दोन घ्या, काढा. भाऊंची रीत वेगळी. "एक्स उभा ठेव, के आडवा. मंग गुणाकार कर." एक्सच्या दोनशे किमती एका स्तंभात, केचे सहा आकडे एका ओळीत. गुणाकारातून सहा स्तंभांचा तक्ता तयार होई, साइन एकदाच लावायचा, आणि प्लॉटची एकच ओळ सहाही लाटा काढी. "लाईट जायच्या आत चित्र आलं पाहिजे." लाईट रोज जायची, त्यामुळे वाद घालता येत नसे.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या सहा लाटा पाहिल्या आणि विचारलं, लूप कुठे आहे? त्यांच्या तक्त्यात लुपाला चार गुण होते. ते त्यांनी कापले. भाऊ दारात उभे होते.

"सर, चित्र चूक हाय का?"

चूक नव्हतं.

"मंग मार्क काऊन कापून राह्यले?"

गुण मिळाले, सातही जणांना. सोबत भाऊंविरुद्ध तक्रारही गेली.

सोमवारी प्राचार्यांनी आम्हाला एकेक करून बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता: सहायकाने परीक्षेत उत्तरं सांगितली. हे खोटं होतं. "बाकीच्या सहा जणांनी सही केली आहे," प्राचार्य म्हणाले. निकाल अडकेल, असंही म्हणाले. आमच्या घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असत. 'एकजूट' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचला होता. मी सही केली. बाहेर आले तर बाकावर सहाही जण बसलेले. मी पहिलीच होते. नंतर प्राचार्यांना कोणाशी खोटं बोलायची गरज पडली नाही. माझी सही दाखवली की पुरत होतं.

भाऊंचं कंत्राट वाढलं नाही. माजरीच्या बसची वाट पाहत ते स्टँडवर उभे होते, तिथे मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"एकेकाले बोलावलं ना?"

"हो."

"संगच अंदर जायचं होतं, पोरी."

मागच्या महिन्यात ऑफिसात आम्हा कंत्राटी मुलींना चौकशीसाठी एकेक करून बोलावलं. आम्ही नऊजणी एकदमच आत गेलो. भाऊंना त्याचा काही उपयोग नाही. साहेबांसमोर खुर्च्या दोनच होत्या. आम्ही उभ्याच राहिलो.