भरून परत केलेलं भांडं

आर्डिथ मावशीने सत्तावीस वर्षं केंटकीतल्या आमच्या डोंगराळ गावच्या शाळेत पोरांना जेवण वाढलं. आता तिचे गुडघे गेलेत, नवरा खाणीच्या धुळीने नेला, आणि ती माझ्या शेजारच्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात एकटी राहते. तिची तुटपुंजी पेन्शन वीज आणि औषधांतच संपते. हिवाळाभर चूल पेटायची ती चर्चकडून येणाऱ्या शिध्याच्या खोक्यावर.

खोकी वाटायचं काम मिसेस प्रुइटकडे. मागच्या वेळी बाईंनी खोक्यासोबत काचेच्या भांड्यातून भाजलेली मॅकरोनी आणली, आणि दारातच मावशीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. मावशीने केसही विंचरले नव्हते. मला तिथेच किळस आली.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मावशीने खोक्यातलंच पीठ मळलं, वाळवलेल्या सफरचंदांचं सारण भरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून डझनभर करंज्या तळल्या. भांडं पोचवायला मी गेले.

मिसेस प्रुइटने झाकण उचललं. "पीठ आम्ही दिलेलंच ना हे?"

"हो."

"म्हणजे वाटत सुटण्याइतकं उरतंय तिच्याकडे." बाईंनी यादी ओढली आणि मावशीच्या नावावर काट मारली. "खरे गरजू रांगेत आहेत, नेल्डा."

"अहो, स्वतःच्या तोंडचा घास काढून पाठवलाय तिने!"

"मग अक्कल नाही म्हणायची."

माझ्या डोळ्यांदेखत बाईंनी सगळ्या करंज्या कचऱ्याच्या डब्यात पालथ्या केल्या. "त्या घरांत काय काय वळवळत असतं, देव जाणे," म्हणत हात पुसले. एकीलाही दात लागला नव्हता. गरिबाने हात पसरलेला यांना चालतो. त्याच हाताने काही देऊ केलं की यांच्या पोटात दुखतं. थू असल्या दानतीवर! मी तोंडाला येईल ते बोलले, पण नाव काही परत चढलं नाही.

घरी येऊन मावशीला सांगितलं, आता खोकं येणार नाही. ती मांडीवरच्या एप्रनमधला घेवडा सोलत राहिली.

"भागवू कसंतरी," म्हणाली. "पण खरं सांग, सारण आंबट नाही ना लागलं बाईंना?"

"छे गं मावशी. बोटं चाटत होत्या."

मावशीचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हणत नव्हते? बाई मनाची वाईट नाही."