एकच औषध, दोन मापं

पार्सल कचेरीतला तो हमाल एवढा धिप्पाड, की सगळे त्याला 'कपाट' म्हणत. त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, मात्र फुंकर मारली तर उडेल अशी. दिवसभर भांडायची, पण एकमेकांवाचून दोघांचं पान हलायचं नाही.

घरातला पलंग सरकवताना त्याच्या बाहेर आलेल्या एकाच पत्र्याने दोघांच्या पोटऱ्या ओरखडल्या. चार दिवसांत दोन्ही पाय लालबुंद, गरम, टम्म! "तू ओढलास!" "तू ढकललास!" करत, लंगडत, दोघं डॉक्टरीणबाईंकडे पोचली.

"कातडीत जंतू शिरलेत," बाई म्हणाल्या. "दोघांनाही एकच औषध लागेल. पण आधी वजन करू, रक्त तपासू."

ताई चढली तेव्हा काटा जेमतेम हलला. कपाट चढला आणि काटा गर्रकन फिरून टोकाला अडकला, तो अडकलाच.

"यांना दुसरीकडे तोलून आणा," बाई हसू दाबत म्हणाल्या.

मग काय, पार्सल कचेरीत नुसती धमाल! जन्मभर दुसऱ्यांचे खोके तोलणारा कपाट स्वतः लोखंडी काट्यावर उभा. कारकून ओरडला, "नाजूक माल आहे, आडवा ठेवू नका!" कपाट असा खदखदून हसला की आकडा ठरेचना. शेवटी गाल फुगवून त्याने श्वास धरला, तेव्हा कुठे वजन कळलं.

तपासण्या पाहून बाईंनी कपाटाला सांगितलं, "तुमचं शरीर मोठं, मूत्रपिंडं ठणठणीत. नेहमीचा डोस तुम्हाला पुरायचा नाही. तुम्हाला जास्त." मग त्या ताईकडे वळल्या. "तुमची मूत्रपिंडं जरा मंद आहेत. औषध अंगात साचून राहील. तुम्हाला कमी."

ताई उसळली. "लहानपणापासून याच्याच ताटात जास्त! आता गोळ्याही?"

"माझ्यातल्या दोन घे ना," कपाट उदार झाला.

"खबरदार!" बाई कडाडल्या. "अदलाबदल नाही, आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत!"

दोघांनी निमूटपणे आपापल्या गोळ्या संपवल्या. सूज उतरली, लाली गेली. पाय पुरता बरा झाला त्या सकाळी कपाट स्वतःची पोटरी पाहून असा काही नाचला, की घर कोसळतंय असं वाटून खालची शेजारीण धावत वर आली. दारात बघते तर काय, ताई भावाच्या पावलांवर पावलं ठेवून, त्याच्या शर्टाला लटकून गिरक्या घेत होती.

"बघत काय उभी राहिलीस?" ताई धापा टाकत ओरडली. "चपला काढ आणि ये!"