जावयाचं वाण

दोन हजार तेवीस सालचा अधिक महिना होता, मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या जावयासारखा विचित्र माणूस उंब्रजपासून आटपाडीपर्यंत दुसरा नाही, हे मी तेव्हाही छातीठोक सांगायचो. लोकांचे जावई आले की आधी पाटावर बसतात. हा आधी घरभर वास घेत फिरतो. तोही स्वतःच्या नाकानं नाही, काडेपेटीएवढ्या डबीनं. सांगलीच्या एका कॉलेजात तो गॅस ओळखणाऱ्या डब्या बनवतो. त्यात जस्ताची पूड असते, इतकी बारीक की पिठाचा कण तिच्यापुढं डोंगर. त्या बारीकपणाला नॅनो म्हणतात. मी चौथीत शाळा सोडलेला, तरी त्यानं मला चुटकीसरशी पटवलं. "मामा, गुळाच्या अख्ख्या ढेपंवर मुंग्या बसून बसून किती बसत्याल? तीच फोडून पसरली तर? जागा वाढली की जरासा गॅस बी चिकटतो, अन् डबीला कळतं."

डबी लय चहाडखोर. फोडणीला ओरडायची, उदबत्तीला ओरडायची. भावकीतला एक जण देवाची शपथ घेऊन "दारू सोडली बगा" म्हणत शेजारी टेकला, तर तिनं अशी बोंब ठोकली की तो पाणीसुद्धा न पिता उठला. जावई त्याच्या मागं धावला, "थांबा वो, आकडा बघू द्या!" माणूस लाजला याचं त्याला काही नाही, डबी बोलली याचा आनंद. झोपतानाही ती उशाला. माझी लेक म्हणते, "सवत परवडली असती, ती झोपली तरी असती."

मला डबीची गरजच नव्हती. माझं नाक गावात नावाजलेलं. गुळाची काहील कधी उतरवायची, ते मी बांधावरून वासानं सांगतो.

त्या दिवशी धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं, आणि त्यानं तोंडानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही आमच्या घरची रीत. अनारसे तळायचे चालले होते. गोबरगॅसची टाकी गाळानं तुंबलेली, म्हणून मी तेवढ्यात झाकण काढून लाकडी शिडी आत सोडली. नासक्या अंड्यासारखा भपकारा आला. जरा वेळ उभा राहिलो, वास गेला. पाय टाकणार तोच हा पळत आला नि डबी टाकीच्या तोंडाशी धरली. ती ओरडायची थांबेचना.

"वास न्हाई ऱ्हायला, बापू. सरका."

"वास तिथंच हाय, मामा. जास्त झाला की ह्यो गॅस आदी नाकच मारतो."

"माझं नाक? इचारा की गावाला!"

मी शिडी सोडेना. तेव्हा तोही शिडी धरून तिथंच शेणात बसला, नव्या धोतरासकट.

"माझं वाण द्या. चांदीचं ताट नगं. तुमचं नाक द्या मला."

मी हसलो. तो हसला नाही.

"आमचं आबा असंच उतरलं. वास गेला म्हणालं. मी वर हुतो."

इतकी वर्षं वडलांबद्दल तो 'आबा लवकर गेले' एवढंच सांगायचा. डबी आमच्या दोघांच्या मधे ओरडत होती.

"दिलं," मी म्हणालो. रीत ती रीत.

तो हातपाय धुऊन, धोतर बदलून पाटावर बसला आणि अनारसे मन लावून खाल्ले. त्यांच्या तुपाचा वास मला मात्र त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठायच्या आत मी ती शिडी कुऱ्हाडीनं फोडली, आणि तिच्यावर त्याच्या अंघोळीचं पाणी तापवलं.